तंबाखू अकबराच्या दरबारी

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. ती पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आली. इ. स. १६०४ च्या सुमारास मोगल वकील असद बेग याने विजापुराहून आणलेली तंबाखू अकबरापुढे ठेवली. सोबत चिलीम होती. तिची नळी तीन हात लांब, टोकांस रत्ने व मिन्याचे काम! बादशहाने थोडे झुरके घेताच राजवैद्याने हरकत घेतली. ज्या द्रव्याविषयी वैद्यकग्रंथांत अक्षर नाही, ते बादशहास कसे द्यावे? प्रत्येक रूढी केव्हातरी नवीच असते, असे असद बेगचे उत्तर. उत्तर चतुर खरे; परंतु आधी परीक्षा व्हावी हे वैद्याचे म्हणणेच रास्त होते. अकबराने सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र ती उचलली. १६१७ मध्ये जहांगिराने धूम्रपानास बंदी केली. त्याच सुमारास येथे असलेला इंग्रज पाद्री एडवर्ड टेरी तंबाखूची लागवड विपुल होत असल्याचे लिहितो.