साक्ष : परक्याला सांगितलेली आपली गोष्ट

ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष देणे’ म्हणजे कोर्टातली जबानी नव्हे. श्रद्धेने आपले आयुष्य कसे बदलले, हे समोरच्याला साध्या शब्दांत सांगणे, एवढाच तिचा अर्थ.

मराठी ख्रिस्ती समाजात ही रीत जुनी आहे. १८५४ साली बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपल्या धर्मांतराची हकिकत लिहिली. पंडिता रमाबाईंनी आपली साक्ष इंग्रजीत छापली.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची श्रद्धेकडे जाणारी वाट मात्र आगगाडीच्या डब्यातून गेली. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. त्याने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी हीच श्रद्धा कीर्तनांतून लोकांपुढे मांडली.