दानाआधी दखल : धर्मग्राम आणि समाजाच्या गरजा

प्रायश्चित्तकाळात आपल्या दानपेट्या भरतात, नाताळात धान्य आणि कपडे गोळा होतात. आपले भाविक हात आखडता घेत नाहीत. तरीही आपल्याच चर्चच्या घंटेचा आवाज जिथे पोचतो, तिथे एखादी विधवा मदतीविना दिवस कंठते. असे का व्हावे?

नेमका हाच प्रश्न आरंभीच्या ख्रिस्तसभेपुढे उभा राहिला होता. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात तो प्रसंग येतो. यरुशलेममध्ये अन्नवाटप रोज होत होते. पण ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून सुटत होत्या. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही. त्यांनी सर्व शिष्यांना एकत्र बोलावले आणि या सेवेसाठी सात जण निवडण्यास सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांची उपेक्षा झाली, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. उणीव दानाची नव्हती, दखल घेण्याची होती.

यातून आपल्या धर्मग्रामांसाठी तीन पायऱ्या दिसतात.

पहिली पायरी शोधाची. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने सोबत्यांसह संत विन्सेंट डी पॉल संस्थेचा पाया घातला. गरिबाच्या घरी स्वतः जाणे हा तिचा आजही मुख्य नेम आहे. गरजू माणूस कार्यालयात येईल म्हणून वाट पाहू नये. अंथरुणाला खिळलेला वृद्ध येऊ शकत नाही आणि स्वाभिमानी माणूस येत नाही.

दुसरी पायरी हक्काची. महाराष्ट्रात निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. मात्र उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, पतीचा मृत्यूदाखला यांची जुळवाजुळव एकट्या स्त्रीला जड जाते. तिच्यासोबत तहसील कार्यालयाची पायरी चढणारा तरुण धान्याच्या पिशवीहून अधिक काळ पुरेल असे काही देतो.

तिसरी पायरी कारणाची. विहिरी आटल्यावर पाणी वाटणे ही दया. पाणी का आटले हे विचारणे हा न्याय. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने वसईची शेती, झाडे आणि भूजल यांच्या रक्षणासाठी लढा दिला. त्या लढ्यात सर्व धर्मांचे लोक होते, कारण पाणी सर्वांचेच होते.

सेवेला अट नसते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात स्पष्ट केले की, सेवा हा ख्रिस्तसभेच्या स्वरूपाचाच भाग आहे आणि ती धर्मांतराचे साधन होता कामा नये.

म्हणून धर्मग्राम समितीच्या पुढील बैठकीत आपण जमाखर्चाआधी एक प्रश्न घेऊ या : आपल्या वाटपातून कोण सुटले आहे? आणि त्याचे उत्तर बैठकीत नव्हे, दारोदार जाऊन शोधू या.