रेडिओवर जाहिरात दिली, ऑर्डरी वाढल्या. पण जाहिरातीमुळेच का?

समजा, तुम्ही बारामतीत बसून इन्स्टाग्रामवर शेंगदाण्याचे लाडू विकताय. महिनाभर जवळच्या कम्युनिटी रेडिओवर जाहिरात दिलीत आणि ऑर्डरी वाढल्या. पैसे वसूल झाले का? प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच चिवट आहे.

आधी खर्च बघू. 2023 मध्ये कम्युनिटी रेडिओवरच्या सरकारी जाहिरातींचा दर 10 सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला. तुमच्या केंद्राचा दर वेगळा असू शकतो, पण हिशेबासाठी 74 धरू. रोज दोनदा 10 सेकंद, 28 दिवस : 4,144 रुपये. स्वस्तच म्हणायचं.

आता ऑर्डरी. आधीच्या चार आठवड्यांत 160 होत्या, जाहिरातीच्या चार आठवड्यांत 208 झाल्या. म्हणजे तब्बल 30 टक्के वाढ! (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, आणि सढळ हाताने.) पण ऑर्डरी काही मोजून-मापून येत नाहीत. काहीही न करता त्या वरखाली होतात, आणि हा चढउतार साधारण संख्येच्या वर्गमूळाएवढा असतो. दोन्ही महिन्यांचा मिळून 368 चं वर्गमूळ, म्हणजे 19. तेव्हा खरी वाढ 48 नसून 29 ते 67 च्या मधे कुठेतरी, आणि तेही खात्रीने नाही. एका ऑर्डरीमागे 100 रुपये सुटत असतील तर कमाई 2,900 ते 6,700. खर्च 4,144. नफा की तोटा, सांगा बरं!

हे फक्त छोट्यांचं दुखणं नाही. लुईस आणि राव यांनी 2015 मध्ये अमेरिकेतल्या 25 मोठ्या ऑनलाइन जाहिरात-प्रयोगांचा अभ्यास छापला. बहुतेकांत लाखो ग्राहक होते, तरी जाहिरात परवडली का, हे नीट ठरवणं फार अवघड गेलं.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे : रेडिओची छोटी रेंज. कम्युनिटी रेडिओला साधारण 100 वॅटचीच मुभा असते, आणि एफएमच्या लहरी डोंगराला फारशा वळसा घालत नाहीत. काही किलोमीटरनंतर आवाज संपतो. लोकल केबलवरची खाली धावणारी पट्टी तर त्या केबलवाल्याची वायर जाते तिथवरच. आणि तुमच्या प्रत्येक ऑर्डरीवर पिनकोड असतो!

म्हणून रेंजमधल्या पिनकोडची वाढ रेंजबाहेरच्या, पण तशाच गावांच्या वाढीशी ताडून बघा. दिवाळी दोन्हीकडे येते, जाहिरात एकीकडेच. शापिरो, हित्श आणि टकमन यांनी 2021 मध्ये अमेरिकेतल्या 288 ब्रँडच्या टीव्ही जाहिराती अशाच तपासल्या, टीव्ही-बाजारांच्या सीमेवरचे शेजारी भाग घेऊन. परिणाम बहुतेकांचा समजापेक्षा बराच कमी निघाला.

कूपन कोड जरूर द्या, पण त्यावर विसंबू नका. ऐकणारा गाडी चालवत असतो, कोड कुठला लक्षात राहतोय? शिवाय शेजारच्या गावात व्हॉट्सॅपवरून बातमी पोचतेच, त्यामुळे फरक खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसेल.

चार आठवड्यांऐवजी सोळा आठवडे मोजलंत तर वाढ चौपट दिसते, चढउतार मात्र दुप्पटच. खर्चही चौपट होतो, हे आलंच. त्यामुळे पिनकोडची नोंद जाहिरातीच्या दोनेक महिने आधीपासूनच सुरू करा. तिला पैसे लागत नाहीत.