पाणी सावकाश सोडायचं की जोरात?

गच्चीवर काळ्या पाइपचं वेटोळं, पाण्याची बादली, छोटासा पंप आणि भरपूर ऊन. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी सोलर हीटर करणाऱ्यांचा हा ठरलेला सेटअप. पाइपमधून कढत पाणी यावं म्हणून मग पंप अगदी हळू चालवला जातो. हाताला चटका बसला की ग्रुप खूश!

गंमत म्हणजे, तेव्हाच उष्णता सगळ्यात जास्त वाया जात असते. पाइप जेवढा तापतो, तेवढी ती वाऱ्यावर जाते. पाणी जोरात फिरवा. बाहेर येताना ते जेमतेम कोमट लागेल, पण बादली लवकर तापेल. (पाणी एकदाच फिरवून थेट आंघोळीला घ्यायचं असेल, तर सावकाशच बरं.)

समजा, एक चौरस मीटर जागेतून पाण्याला ५०० वॅट उष्णता मिळतेय. मिनिटाला १ लिटर पाणी सोडलं तर ते साधारण ७ अंशांनी तापेल. वेग निम्मा केला की १४ अंशांनी? छे, त्याहून कमीच. म्हणून नुसता थर्मामीटर बघू नका. लिटरची बाटली किती सेकंदांत भरते तेही मोजा आणि वेगाला तापमानातल्या फरकाने गुणा. वेग वाढवूनही हा गुणाकार वाढेनासा झाला, की पंप आणखी पळवणं म्हणजे नुसती वीज जाळणं.

घरच्या सोलरला तर बहुतेकदा पंपच नसतो. टाकी वर, पॅनल खाली; तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर चढतं. ऊन कडक झालं की त्याचा वेगही वाढतो.