अपूर्णांकांची घरची उजळणी

पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द ज्या घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले जातात, त्याच घरातील मूल शाळेत अपूर्णांक आले की रडकुंडीस येते, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. मुलाला बुद्धी बेताची, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु दोष बुद्धीचा नसतो. घरातला पाव आणि पाटीवरचा १/४ हे एकच, ही ओळख त्याला कोणी करून दिलेली नसते.

ती कशी करून द्यावी, याचा विचार आपल्या वर्ध्यातच झालेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने नयी तालीमची योजना आखली. हस्तव्यवसायाशी जोडून गणित शिकवावे, हे तिचे एक सूत्र होते. टकळीवर कातणाऱ्या मुलाचा हिशेब पाहा. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. सकाळी अर्धी गुंडी कातली व दुपारी एक लटी. ३२० आणि १६० मिळून ४८० तार, म्हणजेच पाऊण गुंडी झाली. १/२ + १/४ = ३/४ हे त्याच्या हातांनीच सिद्ध केले.

आज घरोघर टकळी नाही; पण भाकरी आहे. तिचे सारखे भाग करावेत. किती भाग केले ते छेद सांगतो, त्यांतले किती घेतले ते अंश. चार हे तीनांहून मोठे, म्हणून १/४ हा १/३ हून मोठा, असे मूल पाटीवर खुशाल लिहील. ताटावर बसून मात्र तसे कधी म्हणणार नाही. जेवणारे वाढले की वाटा घटतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

दुसरी नेहमीची चूक १/२ + १/३ = २/५ ही. येथे रागावू नये. अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसे येईल, एवढेच विचारावे. मग डझनभर केळी मांडावीत. अर्धी सहा, तिसरा हिस्सा चार, मिळून दहा. बारांतील दहा म्हणजे ५/६. बाराच का घेतली? तर बारांना दोनांनीही भाग जातो आणि तीनांनीही. पुस्तकातला समच्छेद तो हाच. सहा केळ्यांत काम भागले असते का, हा शोध मुलालाच लावू द्यावा.

पूर्वी पावकी-निमकी मुखोद्गत असे आणि रुपया सोळा आण्यांचा होता. १ एप्रिल १९५७ पासून तो शंभर पैशांचा झाला. तेव्हा पाव रुपया म्हणजे २५ पैसे, ०.२५ रुपया; पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम, ०.२५ किलो. दशांश हे अपूर्णांकाचेच दुसरे रूप, हे येथे सहज उमगते.

रोज दहा मिनिटे पुरेत. आधी वस्तू, मग चित्र आणि शेवटी आकडे, हा क्रम मात्र मोडू नये. यासाठी आईबाप शिकलेलेच हवेत असे नाही. शाळेची पायरी न चढलेली माउलीही पाऊण वाटी तेल अचूक मोजते. ते ज्ञान तिने मुलाला द्यावे. आणि 'ढ' हा शब्द तेवढा घराबाहेर ठेवावा. गणिताची चूक पुसता येते, तो शब्द पुसता येत नाही.