डाग काढावा, खूण राखावी

डब्लिनच्या 'पीटरसन' कंपनीचा जुना पाइप हाती आला, की जाणता दुरुस्तीकार आधी भिंग घेऊन बसतो. कापूस आणि स्पिरिटची पाळी नंतर येते. पाइपच्या मानेवर ठोकलेली बारीक अक्षरं त्याला वाचायची असतात. 'आयरिश फ्री स्टेट' असा शिक्का असला, तर पाइप १९२२ मध्ये ते राज्य अस्तित्वात आल्यानंतरचा. १९३७च्या संविधानाने देशाचं नाव बदललं आणि शिक्क्यात 'एअरा' आलं. 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड' हे शब्द १९४९ नंतरचे. मानेभोवती चांदीची पट्टी असेल, तर तिच्यावर चांदीची शुद्धता तपासणाऱ्या डब्लिनच्या पारख-कचेरीच्या खुणा सापडतात: बसलेली हायबर्निया (स्त्रीरूपातलं आयर्लंड), मुकुटधारी हार्प आणि पारखीचं वर्ष सांगणारं एक अक्षर. तिथल्या सुवर्णकारांच्या संघाला राजाची सनद मिळाली १६३७ साली. ती परंपरा या बोटभर पट्टीवर उतरलेली असते.

दुरुस्तीत सर्वांत सहज नष्ट होतात त्या नेमक्या याच खुणा. माझ्या मते या कामातला सगळा विवेक इथेच पणाला लागतो.

लाटव्हियातून डब्लिनला आलेल्या चार्ल्स पीटरसनने १८९० साली आपल्या 'सिस्टिम' पाइपचं पेटंट घेतलं. धुराबरोबर येणारा ओलावा तोंडात न जाता मानेच्या तळाशी असलेल्या खळग्यात साचावा, ही त्याची युक्ती. १८९८ मध्ये त्याने मुखनळीचं टोकही बदललं. छिद्र वरच्या बाजूला घेतलं, म्हणजे धूर जिभेवर न पडता टाळूकडे जातो. दुरुस्तीकाराचे कष्ट वाढतात ते या दोन्ही जागांमुळे. खळग्यात कित्येक वर्षांचं कीट डांबरासारखं घट्ट बसलेलं असतं. स्पिरिटमध्ये बुडवलेला बोळा आत फिरवला, की काळा होऊन बाहेर येतो. दुसरा तपकिरी, तिसरा पिवळसर. बोळा पांढरा येईपर्यंत हात थांबत नाही. स्पिरिट मात्र आतच राहिलं पाहिजे. बाहेर ओघळलं, तर लाकडाचा मूळ रंग घेऊन जातं.

पाइपचं लाकूड भूमध्य समुद्राकाठच्या 'एरिका आर्बोरिया' या झुडपाचं. त्याच्या मुळाशी धरणाऱ्या गाठीतून वाटी कोरतात. गाठी उकळून महिनोन्महिने वाळवलेल्या असल्याने त्या उष्णता सोसतात, ओलावाही शोषतात. वाटीच्या आत जळक्या तंबाखूची काजळी थरावर थर धरते. पातळ थर लाकडाला जळण्यापासून वाचवतो. पण तो जाड झाला, की तापल्यावर लाकडापेक्षा वेगळा फुगतो आणि वाटी तडकते. म्हणून काजळी खरवडताना ती नाण्याच्या जाडीएवढी राहू देण्याचा जुना प्रघात आहे. काठावर पोचा आला असेल, तर त्यावर ओला फडका ठेवून गरम इस्त्रीचं टोक टेकवतात. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. लाकूड घासावं लागत नाही.

मुखनळी बहुधा एबोनाइटची असते, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची. नेल्सन गुडइयरने १८५१ मध्ये याचं पेटंट घेतलं. जुन्या शाईच्या पेनात निबखाली असायची ती काळी जीभही बहुधा याचीच. उजेड आणि हवा लागून एबोनाइटमधलं गंधक पृष्ठभागावर येतं; नळी शेवाळी-तपकिरी होते आणि तोंडात कडवट लागते. दातांचे ठसे पडले असतील, तर मंद ज्योतीवरून नळी झरझर फिरवतात. रबर मूळ आकाराकडे परतू पाहतं आणि खड्डा बराचसा भरून येतो. उरलेला भाग कोळशाची पूड मिसळलेल्या सुपरग्लूने बुजवून, कानशीने आकार देऊन, पाण्याबरोबर उत्तरोत्तर बारीक पॉलिश पेपरने घासतात. पीटरसनच्या त्या टोकाच्या कडा जशाच्या तशा उभ्या करायला हात सरावलेला लागतो.

शेवटी कार्नोबा मेणाची चकाकी. इथेच घात होतो. फिरत्या बफवर मान जरा जास्त टेकली, की अक्षरांच्या कडा गोल होतात. चांदीवरची खूण तर त्याहून उथळ. एकदा पुसलेलं वर्षाचं अक्षर कोणी परत ठोकू शकत नाही. ठोकलंच, तर ती लबाडी. म्हणून चांगले कारागीर शिक्क्यावर चिकटपट्टी लावूनच घासायला बसतात.

तंबाखूने शरीराची हानी होते यात शंका नाही, आणि हे पाइप पुन्हा पेटावेत असा माझा मुळीच आग्रह नाही. पण ते बनवणाऱ्या हातांचं कसब आणि त्या शहराची नोंद जपण्याजोगी आहे. दुरुस्तीकाराने आधीचा फोटो ठेवावा, काय भरलं, काय बदललं ते लिहून पाइपबरोबर द्यावं. नव्यासारखा दिसणारा पाइप बाजारात पुष्कळ मिळतो. आपलं वय खरं सांगणारा मात्र दुरुस्तीकाराने हात वेळेवर आवरला तरच उरतो.