किरणोत्सारी राख आणि त्वचेवरील जखमा
अणुस्फोटानंतर वातावरणात उडालेली किरणोत्सारी धूळ खाली बसते आणि उघड्या अंगाला चिकटते. तिच्यातून निघणाऱ्या बीटा कणांमुळे त्वचेला होणाऱ्या इजेला बीटा भाजणे म्हणतात. हे कण शरीरात काही मिलिमीटरच शिरतात, पण त्वचेच्या नव्या पेशी जिथे तयार होतात तो थर तेवढ्या खोलीत येतो. जुन्या पेशी झडेपर्यंत वरची कातडी धडधाकट दिसते. म्हणून आगीने भाजल्यासारखा फोड लगेच येत नाही, खरी जखम दोन-तीन आठवड्यांनी उघडी पडते.

या इजेची सर्वांत सविस्तर नोंद मार्शल बेटांवर झाली. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने तिथल्या बिकिनी बेटावर 15 मेगाटनांच्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. जबलपूरहून सतना जितके दूर, साधारण तितक्या अंतरावरच्या राँगेलॅप बेटावर काही तासांतच स्फोटाने उडालेल्या प्रवाळाची पांढरी किरणोत्सारी भुकटी पडू लागली. मुले तिच्यात खेळली. लोकांना तिथून हलवायला दोन दिवस लागले. आधी अंगाला खाज सुटली, आग झाली, मग ती थांबली. सुमारे दोन आठवड्यांनी डोके, मान, काखा आणि पावलांवर काळसर चट्टे उठले, कातडी सोलली, केस गळले. केसांना लावलेल्या खोबरेल तेलात राख धरून राहिली, त्यामुळे डोक्याला आणि मानेला अधिक इजा झाली. कपड्यांखालची कातडी बहुतेक वाचली आणि समुद्राच्या पाण्यात गेलेल्यांच्या पायांना कमी त्रास झाला. बहुतेकांचे केस सहा महिन्यांत पुन्हा आले.

इजा किती खोल होणार, हे मात्रेवर ठरते. त्वचेला सुमारे 3 ग्रे (शोषलेल्या किरणोत्साराचे एकक) मात्रा मिळाली की केस गळतात, 6 ग्रेच्या पुढे लाली येते आणि 15 ते 20 ग्रेला कातडी सुटून ओल्या जखमा होतात. त्याहून जास्त मात्रेत ऊतीच मरतात.

या चाचणीनंतर 2 एप्रिल 1954 रोजी पंतप्रधान नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी 1955 मध्ये नेमलेल्या वैज्ञानिक समितीत मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर भारताचे प्रतिनिधी होते.

भारतात अशा जखमा स्फोटाविनाही झाल्या आहेत. एप्रिल 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात, विद्यापीठातून विकल्या गेलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-60 उघडे पडले. तिथे इजा गॅमा किरणांची होती, पण त्वचेवरील जखमा तशाच उशिरा वाढत गेल्या. एकाचा मृत्यू झाला.

किरणोत्सारी धूळ अंगावर जितका वेळ राहील तितकी मात्रा वाढते, म्हणून पहिला उपचार घरच्या घरीच होतो. बाहेरचे कपडे सावकाश काढून पिशवीत बंद करावेत. एवढ्यानेच बरीचशी धूळ जाते. मग कोमट पाणी आणि साबणाने अंग धुवावे, पण घासू नये, कारण ओरखड्यांतून धूळ आत जाते. उघडी जखम आधी झाकावी. केस शाम्पूने धुवावेत. तेल किंवा कंडिशनर लावू नये, त्याने धूळ केसांना धरून राहते. जखम उशिरा दिसत असल्याने, त्रास नसला तरी डॉक्टरांना संपर्काची वेळ सांगून ठेवावी आणि पुढील काही आठवडे त्वचा तपासून घ्यावी. खोल जखमेला त्वचारोपण लागू शकते, आणि बरी झालेली जागाही वर्षानुवर्षे नजरेखाली ठेवावी लागते.